तातू पेंटरचे उंडे

तातूकाकांनी मला एकच प्रश्न शंभरदा विचारला असेल: "ह्येच्यात उंडे किती आसत?"

उंडो म्हणजे गोल, कडक सालीचा पाव. गोव्याकडून सरकत सरकत तो आमच्या नांदगावापर्यंत आला आहे. सकाळी पाववाला भोंगा वाजवत येतो, त्याच्या टोपलीत वर पाव असतात आणि खाली उंडे. तातूकाकांनी हा प्रश्न पाववाल्याला मात्र कधी विचारला नाही. ते मला विचारायचे, आणि तेही संगणकावर चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरबद्दल.

त्यांचं नाव तातू मेस्त्री, पण गावाला ते तातू पेंटर म्हणूनच माहीत. आमच्यापासून चौथं घर. हायवेपासून रेल्वे स्टेशनापर्यंत जे काही रंगवलेलं दिसतं ते बहुतेक त्यांच्या हातचं. शाळेच्या भिंतीवरची फळं, दवाखान्याबाहेरचं गुटगुटीत बाळ, 'येथे थुंकू नये' मधला रागावलेला माणूस. हा माणूस त्यांच्या थोरल्या मेहुण्यासारखा दिसतो असं सगळे म्हणतात. मेहुणा त्या रस्त्याने जात नाही.

अक्षरं मोजून घ्यायची त्यांना सवय नव्हती. पहिलं अक्षर मनापासून मोठं काढायचे आणि पुढचं पुढे बघायचे. स्टँडजवळच्या टेलरच्या दुकानावर त्यांनी 'लेडीज टेल' पर्यंत लिहिलं आणि भिंत संपली. दुसरा कोणी असता तर त्याने पुसून पुन्हा लिहिलं असतं. काकांनी शिडी उचलली, कोपऱ्यावरून वळले आणि बाजूच्या भिंतीवर 'र' काढला. हायवेवरून जाणारे लोक अजून हसतात. टेलर भांडायला आला तेव्हा काका म्हणाले, "भित संपली म्हणान शब्द संपाचो नाय." दुकान बरं चाललं आहे.

नवीन भिंतीला ते आधी तळहात लावून बघायचे. "तहान लागली हा गो तुका," असं तिला म्हणायचे आणि मग पाण्याचा हात द्यायचे. रंगाचा डबा उघडला की वास घ्यायचे. ब्रश पुसायला फडका कधी घेतला नाही, डावा खांदा होता. त्यांच्या कुठल्याही शर्टाचा डावा खांदा बघितला की गावात अलीकडे काय काय रंगलं ते कळायचं.

मी लहान मुलांच्या पुस्तकांसाठी घरी बसून लॅपटॉपवर चित्रं काढते. गावात ह्याचं वर्णन 'ती घरात बसान पाटयेर कायतरी करता' असं होतं. पाटी म्हणजे माझा पेनाने चित्रं काढायचा टॅबलेट. मी कणकवलीला इंग्रजी शाळेत शिकले, घरी आईने मला शुद्ध बोलायची शिस्त लावली, त्यामुळे मालवणी मला सगळी कळते आणि बोलताना एकही शब्द फुटत नाही. एकूणच मी कमी बोलते. तातूकाकांना त्याची अडचण नव्हती. दोघांचं मिळून ते एकटे बोलायचे.

श्रावणाच्या सुरुवातीला एका सकाळी ते आमच्या पडवीत येऊन बसले. छत्री मिटवली, पाय पुसले आणि म्हणाले, "चेडवा, तुझी ती पाटी दाखय." चेडू म्हणजे मुलगी.

आई आतून म्हणाली, "भावजीनू, आता काय संगणक शिकतलास काय?"

"शिकलंय तर काय वायट आसा?"

कारण हळूहळू बाहेर आलं. वरच्या वाडीत सावंतांचं घर आहे. त्यांच्याकडे चतुर्थीला गणपती बसतो, त्याच्यामागची भिंत दरवर्षी नव्याने रंगवायची पद्धत. माझ्या जन्माच्या आधीपासून ती भिंत काकांची. पण दोनतीन वर्षं त्यांचा हात थरथरत होता. ते स्वतः त्याला "हातात जरा वारो शिरलो हा" म्हणत. गेल्या वर्षी मोराच्या मानेला नको तिथे वळणं पडली. सावंतांच्या काकी कधी कोणाला वाईट बोलत नाहीत. त्यांनी बराच वेळ मोराकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मोर बरो झालो हा तातू, पण तेच्या गळ्यात कायतरी अडाकला काय?"

ह्या वर्षी त्यांचा मुंबईचा मुलगा मंगेशदादा सुट्टी काढून आधीच आला होता. त्याने काकांना सांगितलं, "काका, यंदा फ्लेक्स लावूया. डिजिटल. तुम्हाला पण शिडी चढायचा त्रास नको."

"फ्लेक्स तर फ्लेक्स," काका म्हणाले होते, "पण चित्र माझा."

मंगेशदादा तसा सरळ आहे. त्याने होकार दिला, पण अट घातली. चतुर्थीच्या आठ दिवस आधी फाइल हातात हवी. "नाहीतर माझ्याकडे एक धबधबा आहे, परदेशातला. एकदम क्लिअर," तो म्हणाला. नाही जमलं तर वेळेवर पंचाईत नको म्हणून त्याने तो आधीच छापूनही ठेवला.

"धबधबो!" काका मला सांगताना अजून थरथरत होते, आणि तो थरथराट हाताचा नव्हता. "गणपतीच्या पाठसून धबधबो! देवाक सर्दी होतली."

मी त्यांच्या हातात पेन दिलं. त्यांनी आधी त्याचा वास घेतला. "वास नाय," म्हणाले. "वास नाय त्या रंगाचो भरवसो नाय." मग माझ्या नजरेसमोर त्यांनी ते पेन समोरच्या पाण्याच्या भांड्यात बुडवलं, झटकलं आणि खांद्याला पुसलं. सुदैवाने पेन वाचलं. पुढचा महिनाभर ते दर रेघेनंतर कोरं पेन खांद्याला पुसत राहिले आणि महिनाभर त्यांचा खांदा स्वच्छ राहिला. त्यांना तेच जास्त खटकायचं.

आता सॉफ्टवेअर निवडायचं होतं. मला वाटलं होतं मी वापरते तेच ते वापरतील. पण काका रंगाचं दुकान बदलायलासुद्धा चार महिने घेणारे. "सगळी दाखय," म्हणाले. मी तीन दाखवली.

पहिलं सगळे मोठे चित्रकार वापरतात ते. त्यात सगळं आहे, पण ते दर महिन्याला भाडं घेतं.

"म्हणजे चित्र मी काढूचा आणि भाडा पण मीच भरूचा? मगे म्हयनो चुकलो तर?"

"तर ते उघडत नाही."

"माझा चित्र आत आणि मी भायर?" त्याचं नाव 'घरमालक' पडलं आणि ते तिथेच बाद झालं.

दुसरं जपानी. त्याचे अर्धे मेनू जपानीतच राहिले होते, मला ते बदलायचे कसे ते सापडत नव्हतं. काका मात्र चित्र सोडून ती अक्षरंच बघत बसले. "कोणाचा गो ह्या अक्षर? पेंटर बरो गावलो हा तेंका." त्यांनी त्यातला एक शब्द कागदावर उतरवून घेतला आणि घरी जाऊन फाटकावर निळ्या रंगात काढला, खाली सावली देऊन. थरथरता हात त्या अक्षरांना शोभला. आल्यागेल्याला ते 'जपानी सुविचार' म्हणून दाखवत. मी पुढे अर्थ शोधला. त्यांच्या फाटकावर आजही 'रद्द करा' असं लिहिलेलं आहे. हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

तिसरं फुकट. जगभरातले लोक आपापल्या फावल्या वेळात ते बनवतात.

"फुकट कित्याक देतत? तेंचा पोट कसा चलता?"

"ज्यांना वाटतं ते देणगी देतात."

"म्हणजे देऊळ."

मला नाही म्हणता आलं नाही. ते 'देऊळ'.

तिन्हींची परीक्षा घ्यायची त्यांची पद्धत ठरलेली होती. बांगड्याच्या पाठीवर जो निळा-हिरवा असतो तो ज्याला जमतो तो खरा रंग, असं ते म्हणत. ते मी ऐकलं होतं. पण ते खरोखर बांगडा घेऊन येतील असं वाटलं नव्हतं. आले. श्रावणी सोमवारी. पिशवीतून काढून त्यांनी तो लॅपटॉपशेजारी कागदावर ठेवला आणि एकदा त्याच्याकडे, एकदा स्क्रीनकडे बघत रंग जुळवायला लागले.

आई चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

"श्रावणात बांगडो? माझ्या घरात?"

"खावक नाय वयनी, बघूक हाडलंय."

"बघूक बाजारात जावा!"

काकांचं लक्ष नव्हतं. ते मला म्हणाले, "बघ, ह्या तिनांतय तो मेलेलो दिसता."

"तो मेलेलोच आसा, भावजीनू!" आई म्हणाली, आत गेली आणि तुळशीचं पाणी घेऊन आली. तिने ते बांगड्यावर, पडवीवर, काकांवर शिंपडलं. तिचा हात लॅपटॉपकडे वळला तेव्हा मी ओरडले. लहानपणापासून मी त्या घरात एवढ्या मोठ्याने ओरडले नव्हते. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "आवाज आसा हां चेडवाक."

रंगात तिन्ही सारखी ठरली. मग मी त्यांना ते दाखवलं, ज्याच्यामुळे सगळं झालं. एक वाकडी रेघ मारली आणि दोन बटणं दाबली. रेघ गेली.

"खंय गेली?"

"चुकलं की हे दाबायचं. अनडू."

"उंडो?"

"अनडू."

"उंडोच म्हणतंय मी." त्यांनी स्वतः एक रेघ मारली, उंडो दाबला. पुन्हा मारली, पुन्हा उंडो. त्यांचा चेहरा असा झाला की भिंतीवर गेलेली आयुष्यभराची प्रत्येक चूक त्यांना आठवत असावी. मेहुणासुद्धा. "किती येळा दाबूक गावता?"

प्रत्येकात वेगळं होतं. 'देवळा'त तो आकडा आपला आपण ठरवता येत होता. त्यांनी दोनशे ठेवायला लावला. "जेच्यात उंडे जास्त, ता सापटवेर बरा," असा त्यांनी निकाल दिला. त्यातच मी त्यांना 'स्टॅबिलायझर' दाखवला. हात हलला तरी रेघ सरळ येते, असं ते साधन असतं. कसं समजावू ह्याची मला काळजी होती. पण आमच्याकडे वीज अशी येते की फ्रिजखाली स्टॅबिलायझर नसलेलं घर नाही. ते एका क्षणात समजले.

"थय करंट थरथरता, हय माझो हात," एवढंच म्हणाले. मग पेन घेऊन एक लांब रेघ मारली. ती पेनाच्या जरा मागून, सावकाश, अगदी सरळ आली. "बघ कशी येता. म्हाताऱ्याच्या मागसून कुत्रो येता तशी." मग त्यांनी तिच्याखाली तशीच आणखी एक मारली. मी आत जाऊन उगाच पाणी प्यायले.

ते रोज दुपारी यायचे. ठरलं होतं मोर, दोन बाजूंना समया, कमान, दोन हत्ती. पहिल्या आठवड्यात मोराची मान झाली. नंतर ती नाहीशी झाली. नंतर पुन्हा झाली. मी शेजारी माझं काम करत असायची, कानावर तेवढं पडायचं: टिक टिक, टिक टिक. उंडो, उंडो. फाइल द्यायला बारा दिवस राहिले तेव्हा स्क्रीनवर एक डोळा होता. दहा राहिले तेव्हा तोही नव्हता. मंगेशदादा रस्त्यात भेटला की विचारायचा, "काय काका, मोर आला का?" आणि काका म्हणायचे, "येता, येता. रस्त्यार आसा."

एकदा पेन खाली ठेवून ते मला म्हणाले, "भितीर चुकलंय तर चूक घेवन फुडे जातंय. हय चुकलंय तर मागे जातंय. मागे जावचीच सोय केली तर माणूस आवशीच्या पोटापर्यंत जातलो."

त्या दिवशी ते गेल्यावर मी सेटिंग उघडलं आणि दोनशेचे तीन केले.

हे बरोबर होतं की नाही ते मला माहीत नाही. विचारायला हवं होतं. पण विचारायचं म्हणजे बोलावं लागतं.

दुसऱ्या दिवशी टिक टिक टिक झालं आणि थांबलं. त्यांनी आणखी दोनदा दाबून बघितलं.

"उंडे संपले काय गो?"

"संपले," मी म्हणाले. "पाववाला गेला."

ते जोरात हसले, पेन खांद्याला पुसलं आणि त्या वाकड्या मानेवरूनच पुढे गेले. मानेचं वळण त्यांनी मागे बघणाऱ्या मोराचं करून टाकलं. चार दिवसांत कमान झाली, समया झाल्या, हत्ती झाले. सगळ्यात शेवटी ते म्हणाले, "लादी बाकी बरी दिल्यानी हां ह्येंनी आयती." मला वाटलं काहीतरी विनोद आहे. मी हसले. फाइल वेळेवर गेली.

हरतालिकेच्या सकाळी सावंतांच्या माजघरात फ्लेक्स लावला. मीही गेले होते. मंगेशदादाने वरची दोन टोकं ठोकली आणि गुंडाळी सोडली.

मोर सुंदर होता. हत्तीही. पण सगळे हवेत होते. समया हवेत, हत्ती हवेत, मोराच्या पायाखाली पांढरंशुभ्र काहीच नाही.

"काका," मंगेशदादा म्हणाला, "हत्ती उडतायत."

सावंतांच्या काकी म्हणाल्या, "मोर उडलो तर एक बरा..."

तातूकाका माझ्याकडे वळले. "लादी खंय गेली?"

तेव्हा मला कळलं. चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये जिथे काहीच रंगवलेलं नसतं तिथे पांढरे आणि करडे चौकोन दिसतात. ही जागा रिकामी आहे, एवढं सांगायला. ते छापले जात नाहीत. मी इतकी वर्षं त्यांच्याकडे बघते आहे की मला ते दिसेनासेच झाले आहेत. काकांना दिसले. त्यांना ती फरशी वाटली. त्यांनी तिच्यावर हत्तींचे पाय मोजून टेकवले होते. एका समईची सावलीही पाडली होती, आणि ती सावली आता एकटीच तरंगत होती.

मी कसंबसं सांगितलं. "ती फरशी नव्हती, काका. तिथे काही नाही, हे दाखवायला ते चौकोन असतात."

"काय नाय ता दाखवक लादी घातल्यानी?"

"हो."

"शाणे आसत," काका म्हणाले. पण आवाज खाली गेला होता.

मंगेशदादा अवघडून म्हणाला, "काका, वाईट वाटून घेऊ नका. धबधबा आतच आहे. मिनिटात लावतो."

मंगेशदादा आतून गुंडाळी घेऊन आला. काका फ्लेक्सजवळ गेले आणि तळहात त्याच्यावर ठेवला, भिंतीवर ठेवत तसा. "हेका तहान नाय," ते स्वतःशी म्हणाले. मग मोठ्याने: "मंग्या, तो धबधबो खाली ठेव. चेडवा, माझ्या घराकडे जा आणि डबो घेवन ये. निळेची दोरी पण."

मी धावत गेले आणि आले. नीळ लावलेली दोरी दोन्ही टोकांना ताणून धरायची, मधे चिमटीत उचलून सोडायची, की टप्पकन सरळ रेघ उमटते. हात कितीही हलला तरी. एक टोक त्यांनी धरलं, दुसरं माझ्या हातात दिलं.

"हो माझो जुनो स्टॅबिलायझर," म्हणाले. "घट धर."

आम्ही आडव्या रेघा मारल्या, मग उभ्या. मग ते खाली बसले आणि एक सोडून एक चौकोन तेलरंगाने भरत गेले. हात थरथरत होता, पण रेघ आधीच पडलेली होती. एकदा रंग बाहेर गेला. त्यांनी न बघता हात मागे केला.

"उंडो."

मी डब्यातल्या चिंधीला टर्पेंटाइन लावून त्यांच्या हातात दिली. त्यांनी तो भाग पुसला. त्यांचा डावा खांदा एव्हाना निळा झाला होता.

दुपारपर्यंत हत्ती जमिनीवर आले. शेवटच्या ओळीत उजवीकडे अर्धा चौकोन उरला आणि फ्लेक्स संपला. मंगेशदादा म्हणाला, "पुरे काका, तिथे सोडा. मस्त झालंय." काका त्याच्याकडे बघायलाही थांबले नाहीत. उरलेला अर्धा चौकोन त्यांनी सरळ सावंतांच्या भिंतीवर काढला. आणि त्याच्यापुढे आणखी दोन.

सावंतांच्या काकी पुढे आल्या. "आता बरा," म्हणाल्या. "आता देव खंय उभो आसा ता तरी कळता."

धबधबा वाया गेला नाही. मांगरातल्या, म्हणजे घरामागच्या खोपटातल्या, लाकडांवर पाऊस गळू नये म्हणून तो त्यांच्यावर घातला. विसर्जनानंतर फ्लेक्स उतरवला, पण भिंतीवरचे ते अडीच चौकोन तसेच आहेत. पुसायला काढले की काकी रागावतात.

पुढच्या उन्हाळ्यात तातूकाका खारेपाटणला मुलीकडे राहायला गेले. जाताना भेटायला आले तेव्हा मी, माझ्या स्वभावाप्रमाणे, "बरं काका" एवढंच म्हणाले.

मग एकदा मी एसटीने रत्नागिरीकडे जात होते. खारेपाटणच्या स्टँडवर गाडी थांबली आणि समोरच्या भिंतीशी मला तो खांदा दिसला. हिरवा, लाल, थोडा पिवळा. काका कुठल्याशा दुकानाचं नाव काढत होते. दोरीचं एक टोक त्यांच्या हातात होतं आणि दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं म्हणून त्यांनी ते एका प्लास्टिकच्या खुर्चीला बांधलं होतं. खुर्ची पुढे पुढे सरकत होती. पहिलं अक्षर फार मोठं झालं होतं.

कंडक्टरने घंटी मारली. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि भर स्टँडवर ओरडले, "तातूकाकानू! उंडे किती आसत?"

आयुष्यात मोठ्याने बोललेलं माझं पहिलं मालवणी वाक्य. चार लोक वळले. काकांनी दोरी सोडली, ब्रश दातांत धरला आणि उजवा हात वर केला. हात थरथरत होता, त्यामुळे बोटं मोजता येईनात. आधी पाच वाटली, मग चार. एसटी वळली, हात जरा स्थिरावला आणि शेवटी स्पष्ट दिसली.

तीन.